निसर्ग कोपला म्हणे!

गढवालमध्ये काहीही कोसळलं की आपल्याकडे मथळा तयारच असतो: 'निसर्गाचा कोप'. मला या दोन शब्दांची मनापासून चीड आहे. निसर्ग कोपला म्हटलं की जबाबदार कोण, हे विचारायलाच नको.

जोशीमठचं घ्या. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या ८०० हून अधिक इमारतींना तडे गेले, माणसं घरं सोडून निघाली. इस्रोच्या उपग्रह-पाहणीत १२ दिवसांत जमीन ५.४ सेंटीमीटर खचलेली दिसली. (तो अहवाल लगेच संकेतस्थळावरून गायब झाला, ते एक असो.)

आपण सह्याद्रीत भटकणारे लोक. डोंगर म्हणजे काळा कातळ, लाव्ह्याचे थरावर थर, हे डोक्यात घट्ट बसलेलं. हिमालयाचं तसं नाही हो! भारताचा भूखंड आशियावर आदळून जवळपास ५ कोटी वर्षं झाली आणि ती ढकलाढकली अजून चालूच आहे. जोशीमठच्या परिसरातून 'मेन सेंट्रल थ्रस्ट' जातो. म्हणजे जिथे खालचे खडक वरच्या खडकांवर रेटले गेले, तो भ्रंशाचा पट्टा. तिथला खडक भरडलेला, भेगाळलेला. आणि गाव तर त्या खडकावरही नाही, जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर आहे. वाळू, माती आणि मोठमोठे धोंडे. धोंडा उपसला की वरचं सुटलं. सांडपाणी मुरलं की आतली माती गेली. पायथ्याशी नदी कुरतडते आहेच.

हे काही गुपित नव्हतं. मिश्रा समितीने १९७६ सालीच लिहून दिलं होतं: जड बांधकाम नको, धोंडे काढू नका, सुरुंग नकोत, झाडं तोडू नका, पाण्याचा निचरा नीट करा. आमच्या धंद्यात टेस्टरने 'क्रिटिकल' म्हणून नोंदवलेला बग ४७ वर्षं तसाच ठेवला आणि शेवटी 'सर्व्हर कोपला' असं क्लायंटला कळवलं, तर काय होईल सांगा पाहू?

इथे मात्र बहुमजली हॉटेलं उठली. जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा खोदणाऱ्या यंत्राने २००९ मध्ये भूजलाचा साठाच फोडला. दिवसाला कोट्यवधी लिटर पाणी वाहू लागलं. खचण्याशी आमचा संबंध नाही, असं कंपनी म्हणते. नसेलही. पण अशा डोंगरात बोगदा काढायची परवानगी काय निसर्गाने दिली होती?

२०२४ मध्ये जोशीमठचं 'ज्योतिर्मठ' झालं. ढिगारा तोच आहे. तेव्हा मंडळी, औलीच्या बर्फासाठी तिथलं हॉटेल बुक करताना फोनवर एवढं विचाराच: सांडपाणी कुठे सोडता?