पहिला क्रमांक कोणाचा?

दुपारच्या सुट्टीत जेवणाचे डबे उघडले, की शाखेतील संभाषण व्याजदर आणि बदल्यांवरून हळूहळू चित्रपटांवर येऊन ठेपते, हा बहुतेक बँक कर्मचाऱ्यांच्या परिचयाचा अनुभव आहे. कोणी एक जण ‘शोले’चे नाव घेतो. दुसऱ्याला ‘शोले’ मान्य असतो. परंतु पहिला क्रमांक ‘मुघल-ए-आझम’चाच, असा त्याचा आग्रह असतो. तिसरा दोघांनाही मोडीत काढून ‘प्यासा’कडे वळतो. चेन्नईहून बदलून आलेला सहकारी हळूच विचारतो, “‘नायकन’ पाहिलात का?” कोणीही पाहिलेला नसतो. “म्हणजे ‘दयावान’च ना?” असा प्रतिप्रश्न येतो आणि त्या सहकाऱ्याच्या चेहऱ्यावर जी खिन्नता उमटते, तिचे मोल वादाच्या भरात कोणाच्या ध्यानी येत नाही.

क्रम लावण्याची ही हौस आजची नव्हे. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आरंभी तीत सात चित्रपटगीते कोणत्याही क्रमाविना ऐकविली जात आणि लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवावा, अशी स्पर्धा असे. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली. पुढे १९५४ पासून क्रमवारीच प्रसारित होऊ लागली आणि ‘पायदान’ हा शब्द हिंदी न बोलणाऱ्या घरांतही रुळला. त्याच वर्षी ‘फिल्मफेअर’ने आपली पहिली पारितोषिके दिली, तीही वाचकांच्या मतदानावर. देशभरातील वीस हजारांहून अधिक वाचकांनी मते कळविली आणि ‘दो बिघा जमीन’ सर्वोत्कृष्ट ठरला. टपालाच्या तिकिटाला पदरचे पैसे मोजून आपले मत कळविणारा तो रसिक आजच्या बोटाच्या एका स्पर्शाने तारे देणाऱ्या प्रेक्षकापेक्षा अधिक गंभीर होता, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण हौस तीच आहे.

प्रश्न हौसेचा नसून निकालाचा आहे. ‘सर्वश्रेष्ठ चित्रपट’ असे शीर्षक देऊन जी यादी प्रसिद्ध होते, ती नेमके काय सांगते? ‘शोले’चेच उदाहरण पाहावे. १९७५ सालच्या चित्रपटांसाठी फिल्मफेअर पारितोषिके जाहीर झाली, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘दीवार’ला मिळाला. ‘शोले’च्या पदरी एकच पारितोषिक पडले, ते एम. एस. शिंदे यांना संकलनासाठी. २००५ साली त्याच पारितोषिकांचा पन्नासावा सोहळा झाला, तेव्हा ‘पन्नास वर्षांतील सर्वोत्कृष्ट चित्रपट’ म्हणून गौरव झाला तो ‘शोले’चा. पारितोषिक देणारी संस्था तीच आणि चित्रपटही तोच. ज्याला त्या एका वर्षातही पहिला क्रमांक मिळाला नव्हता, तो पन्नास वर्षांत पहिला ठरला. यात कोणी लबाडी केली, असे मुळीच नाही. मधल्या तीस वर्षांत एक संपूर्ण पिढी त्या चित्रपटाचे संवाद पाठ करीत वाढली होती आणि आता मत देण्याची पाळी तिची होती.

जगातील सर्वांत प्रतिष्ठित मानली जाणारी क्रमवारीही याला अपवाद नाही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. पहिल्या वेळी ६३ समीक्षकांनी उत्तरे पाठविली आणि पहिला क्रमांक मिळाला तो व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ला. हा इटालियन चित्रपट तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला. त्याच्या प्रभावातून बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आकारास आला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दहाच वर्षांत, १९६२ च्या कौलात, ‘बायसिकल थीव्ह्ज’ संयुक्त सहाव्या स्थानी घसरला आणि ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ने पहिले स्थान घेतले. १९५२ च्या पहिल्या दहांत ‘सिटिझन केन’चे नावही नव्हते. त्यानंतर मात्र २००२ पर्यंतचे पाचही कौल त्याने जिंकले. २०१२ मध्ये हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ पहिला आला. २०२२ मध्ये शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘झान दिल्मान’ पहिला ठरला आणि चित्रपटजगतात एकच गहजब उडाला. एका गृहिणीचे तीन दिवस, तिचे बटाटे सोलणे, अंथरूण आवरणे, भांडी घासणे हे सारे हा चित्रपट २०१ मिनिटे संथपणे दाखवीत राहतो. ‘हा कसा काय पहिला?’ असा प्रश्न अनेकांनी रागाने विचारला. त्याचे एक उत्तर आकड्यांत आहे. १९५२ च्या ६३ मतदारांऐवजी आता १,६३९ जणांना मत होते आणि त्या वाढीबरोबर मतदारांचे स्वरूपही बदलले होते.

हिशेबाची सवय असलेल्या डोळ्यांना या कौलात आणखी एक गोष्ट दिसते. येथे प्रत्येक मतदार दहा चित्रपटांची नावे देतो. त्यांचा क्रम लावण्याचे बंधन नसते. प्रत्येक नावाला एक मत, इतकाच नियम. २०१२ साली ८४६ समीक्षकांपैकी १९१ जणांच्या याद्यांत ‘व्हर्टिगो’ होता. म्हणजे प्रमाण २३ टक्क्यांहूनही कमी. जो चित्रपट जगात सर्वश्रेष्ठ ठरला, तो तीन चतुर्थांशांहून अधिक मतदारांच्या पहिल्या दहांतसुद्धा नव्हता! कंपनीच्या सर्वसाधारण सभेत एवढ्या मतांवर साधा ठरावही संमत होणार नाही. अशा यादीत ‘पहिला’ याचा अर्थ ‘सर्वांत उत्तम’ असा नसतो. तो ‘सर्वाधिक जणांना ज्याचे नाव सुचले’ असा असतो. आणि नाव सुचण्यासाठी चित्रपट आधी पाहिलेला असावा लागतो.

या विषयातील खरी मेख येथेच आहे. चित्रपट समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या भारतीय शाखेने २०२२ साली आपल्या तीस सदस्यांचे गुप्त मतदान घेऊन सर्वश्रेष्ठ दहा भारतीय चित्रपट निवडले. ‘पथेर पांचाली’ पहिला आला. त्यामागोमाग ऋत्विक घटक यांचा ‘मेघे ढाका तारा’, मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’, अडूर गोपालकृष्णन यांचा ‘एलिप्पथायम’ आणि गिरीश कासारवल्ली यांचा ‘घटश्राद्ध’ हे चित्रपट होते. पुढे ‘गर्म हवा’, ‘चारुलता’, ‘अंकुर’, ‘प्यासा’ आणि दहावा ‘शोले’. यादी उत्तम आहे. तीतील एकही चित्रपट अपात्र म्हणता येणार नाही. तथापि भाषांची मोजदाद केली, तर हिंदी पाच, बंगाली तीन, मल्याळम एक आणि कन्नड एक. तमिळ एकही नाही आणि मराठीही नाही.

मराठी वाचकाला येथे क्षणभर वाईट वाटणे स्वाभाविक आहे. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा गौरव १९३७ मध्येच व्हेनिसच्या महोत्सवात झाला होता. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने मिळविले आणि अर्धशतकानंतर ‘श्वास’ने सुवर्णकमळ पुन्हा मराठीत आणले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिस येथे दोन पुरस्कार मिळाले. मग हे सारे गेले कोठे? यामागे दुजाभाव शोधण्याचे कारण नाही. किती बंगाली वा मल्याळी रसिकांनी ‘संत तुकाराम’ पाहिला असेल? आणि हा प्रश्न विचारणाऱ्या मराठी रसिकांपैकी कितीजणांनी ‘एलिप्पथायम’ पाहिला आहे? पाहिलेल्यांतूनच निवड होते आणि निवडलेलेच पुन्हा पाहिले जाते. ठेवी असलेल्यालाच कर्ज सहज मिळावे, तसा हा प्रकार आहे.

एखाद्या यादीत नाव नसल्याने कोणत्याही चित्रपटाचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते, आणि तेही कायमचे. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. तो चांगला होता की सामान्य, हे आता कोणत्याही रसिकाला सांगता येणार नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळेच उरली आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत मूकपटांच्या बहुतांश प्रती नष्ट झाल्या होत्या. पी. के. नायर यांनी पुढील काळात गावोगावी फिरून जे मिळेल ते जमविले नसते, तर उरले आहे तेवढेही उरले नसते.

याउलट ‘पथेर पांचाली’चे पाहावे. त्याची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळली. तरीही ते जळके अवशेष टाकून दिले गेले नाहीत, ते अमेरिकेतील ऑस्कर अकादमीच्या संग्रहात जपले गेले. पुढे इटलीतील बोलोन्या येथे तंत्रज्ञांनी ते अत्यंत चिकाटीने दुरुस्त केले आणि २०१५ मध्ये चित्रपट नव्या तेजाने पडद्यावर आला. इतके श्रम आणि इतका खर्च कोणासाठी केला जातो? ज्याचे नाव जगाच्या याद्यांत वर्षानुवर्षे येत राहते, त्याच्यासाठी. १९९२ च्या ‘साइट अँड साउंड’च्या कौलात तो संयुक्त सहाव्या क्रमांकावर होता. आग लागली त्याच्या पुढच्याच वर्षी. तो पहिल्या शंभरातही नसता, तर काळवंडलेली ती रिळे कोणी जपली असती का?

म्हणून डबा खाताना होणारी ती चर्चा केवळ करमणूक आहे, असे म्हणून सोडून देता येत नाही. तीस समीक्षकांची यादी काय किंवा शाखेतील सात जणांची काय, दोन्ही ठिकाणी कोणता चित्रपट पुढच्या दहा जणांपर्यंत पोहोचणार, हे ठरत असते. कलाकृतींना क्रमांक देणेच पोरकटपणाचे आहे, असा एक सुसंस्कृत आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. ‘शोले’ आणि ‘पथेर पांचाली’ एका तराजूत तोलता येत नाहीत, हे कोणालाही मान्य व्हावे. परंतु दुसऱ्या क्रमांकावर कोणाला बसवावे, हे ठरवू लागताच रसिकाला स्वतःलाच विचारावे लागते, की मला हा चित्रपट का आवडला? कथेमुळे, गाण्यांमुळे की तो वडिलांबरोबर पाहिला म्हणून? नुसते ‘छान आहे’ म्हणणारा माणूस या प्रश्नापर्यंत जातच नाही. क्रम लावण्याचा लाभ आहे तो येथे, आणि तो बहुतांशी क्रम लावणाऱ्याच्याच खात्यावर जमा होतो. हजारो याद्यांची बेरीज करून जो आकडा निघतो, त्यात ही कारणे पुसली जातात. सरासरीला वडील नसतात.

आज मोबाइलच्या पडद्यावर ‘आजचे पहिले दहा’ झळकतात. मागील काळाच्या तुलनेत कितीतरी भाषांतील चित्रपट उपशीर्षकांसह घरबसल्या मिळू शकतात, ही मोठीच सोय होय. मात्र त्या दहांची नावे पाहिली, तर गेल्या आठवड्यात ज्यांची जाहिरात झाली तेच बहुधा तेथे असतात. शोधणाऱ्याला सारे मिळते. पण मुळात काय शोधावे, हे सांगायला कोणीतरी पाहिलेला माणूस लागतो.

अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने २००५ साली शंभर उत्तम चित्रपटांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत क्रमांक दिलेलेच नव्हते. त्या शंभरांत भारताचे होते ते सत्यजित राय यांचे अपूविषयक तीन चित्रपट, गुरुदत्त यांचा ‘प्यासा’ आणि मणिरत्नम यांचा १९८७ सालचा ‘नायकन’. चेन्नईच्या सहकाऱ्याने हळूच ज्याचे नाव घेतले होते, तोच हा. ‘दयावान’ हे त्याचे एक वर्षानंतरचे हिंदी रूप. आणि मूळ तमिळ चित्रपटाची कथा घडते ती मुंबईत, धारावीत. आयुष्यभर मुंबईत राहून शोले-मुघल-ए-आझमचा वाद घालणाऱ्या मंडळींनी आपल्याच शहरावरील हा चित्रपट पाहिलेला नाही, तो चेन्नईच्या माणसाने सांगावा लागतो.

बँकेची नोकरी माणसाला दर काही वर्षांनी नव्या प्रांतात नेऊन सोडते. तेथील भाषा, जेवण आणि हवामान यांची कुरकुर प्रत्येक जण करतो. परंतु त्या प्रांतातील सहकाऱ्यांची यादी मागून घेणारे थोडे. पुढच्या वेळी शाखेत पहिल्या दहांचा वाद रंगला, तर प्रत्येकाने एक अकरावे नाव द्यावे, जे त्या टेबलाभोवती बसलेल्या इतर कोणीही पाहिलेले नसेल. त्याला क्रमांक देऊ नये. येत्या रविवारी तो चित्रपट कोणाच्या घरी पाहायचा, एवढेच ठरवावे, आणि ‘नायकन’पासून सुरुवात करायला हरकत नसावी.