मोटार : नवी कीं जुनी?

गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरीं ज्या प्रश्नावर सर्वांत अधिक बोलणें झालें, तो पुष्कळ वाचकांच्या माजघरांतही आज ना उद्यां येणार आहे. म्हणून येथें मांडतों. आमच्या वहिनींना आठवड्यांतून दोनदां डायालिसिससाठीं वाळूजहून शहरांत न्यावें लागतें. पहांटे साडेचारला रिक्षा मिळत नाहीं, आणि मिळालीच तर परतीच्या धक्क्यांनीं त्या अर्धमेल्या होतात. मोटार घ्यावयाची, एवढें ठरलें. नवी कीं जुनी, हें ठरेना.

पुतण्या कारखान्यांत नोकरीस आहे व त्याचा ओढा अर्थातच नवीकडे. १९८५ सालीं बजाजचा कारखाना वाळूजच्या माळावर उभा राहिल्यापासून आमचें गांव चाकांवरच पोसलें गेलें आहे. तेथें ही हौस कोणास नाहीं? २०१० च्या ऑक्टोबरांत तेव्हांच्या औरंगाबादेंतील मंडळींनीं एकदम १५० मर्सिडीझ गाड्या, सुमारें ६५ कोटींच्या, खरेदी केल्या, ही कथाही त्यानें आम्हांस पुन्हां ऐकविली. आम्हीं म्हटलें, "बाबा रे, दीडशें जण मिळून गेले म्हणून त्यांना सवलत मिळाली. तुझ्याबरोबर कोण येणार?"

तथापि त्याचें म्हणणें पोरकट नव्हतें. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तु-सेवा कर १८ टक्क्यांवर आला आहे. नव्या गाडीस कंपनीची हमी असते. पण आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. ५ लाखांचें कर्ज ९ टक्क्यांनीं ७ वर्षांसाठीं काढलें, तर महिना सुमारें ८,०४५ रुपये हप्ता. म्हणजे व्याजच पावणेदोन लाखांवर. दहा लाखांच्या आंतील पेट्रोल गाडीवर आपल्या राज्यांत ११ टक्के वाहनकर एकरकमी भरावा लागतो; तो पहिल्या धन्यानें सोसावयाचा. विमेवाल्यांच्या कोष्टकांत तर गाडीची किंमत पहिल्या वर्षअखेर १५ टक्क्यांनीं, तिसऱ्याच्या अखेरीस ३० टक्क्यांनीं आणि पांचव्याच्या अखेरीस निम्म्यानें उतरलेली धरतात. ही उतरण दुसऱ्यानें भोगलेली काय वाईट?

हें बोलणें चाललें असतां वहिनी आंतून म्हणाल्या, "भावजी, माझ्यापायीं नातीच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावूं नका. मी अशी किती दिवसांची?" त्यानंतर त्या दिवशीं कोणी कांहीं बोललें नाहीं.

मग एका दलालानें सहा वर्षांची गाडी दाखविली. रंग झकास, मीटरवर अवघे ३१ हजार किलोमीटर. पण ब्रेकच्या पायट्याचें रबर झिजून गुळगुळीत झालेलें, आणि चारही टायर नंतर बदललेले. टायरच्या कडेवरील चार आंकड्यांत पहिले दोन आठवडा सांगतात व पुढील दोन वर्ष. तेथें १४२४ असें होतें. एकतीस हजारांत चारही टायर संपले कसे? सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला, तों आंत वाळलेल्या चिखलाची रेघ. गाडी कोठें तरी पुरांत उभी राहिलेली असावी. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजाही तसाच होता. जीर्ण म्हणजे जुनें, आणि जीर्ण म्हणजे पचलेलेंही. ही गाडी आम्हांस पचण्यासारखी नव्हती.

कागदांविषयीं आमचा इतका आग्रह कां, तें सांगतों. पूर्वीं आमची स्कूटर आम्हीं ओळखीच्या गृहस्थास विश्वासावर विकली. नांव बदलण्याचें त्यानें कबूल केलें व आम्ही विसरलों. तीन वर्षांनीं अपघाताच्या दाव्याची नोटीस आमच्या नांवें आली. विमा त्यानें चालविला नव्हता. ठेव मोडून तडजोड करावी लागली. आणि आमच्या हातून एक माणूस जखमी झाला, असें पोस्टमन गांवभर सांगत सुटला, तें वेगळेंच. पुढें २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही स्पष्ट केलें कीं, नोंदणींत ज्याचें नांव तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक. विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत कळवावें, असा १९८८ च्या कायद्याचा नियम आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नांवें करून घ्यावयाचा असतो. पहिल्या धन्याची विमा-सवलत मात्र गाडीबरोबर येत नाहीं. ती माणसाची असते.

अखेर पुतण्याच्याच खात्यांतील एका सहकाऱ्याची तीन वर्षांची गाडी घेतली. एकच मालक, कर्ज फिटलेलें, बँकेचें पत्र हातांत. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीनें ती खड्ड्यावर चढवून खालून पाहिली व थंड इंजिनावर सुरू करविली. तापविलेलें इंजिन पुष्कळ दोष झांकतें, असें तो म्हणतो. नोंदणी नांवावर होईपर्यंत पन्नास हजार रुपये आम्हीं राखून ठेवले. सहकाऱ्यास तें किंचित् लागलें. आम्हीं त्यास स्कूटरची गोष्ट सांगितली, तेव्हां त्यानेंच चहा मागविला. कर्ज काढावें लागलें, पण तीन वर्षांचें. नातीची ठेव जागची हालली नाहीं.

पुतण्या दोन दिवस घुमा होता. मंगळवारीं पहांटे त्यानेंच गाडी काढली. वहिनींनीं मागच्या आसनावर उशी ठेवून घेतली आणि पंढरपूर फाटा येण्यापूर्वींच त्यांस झोप लागली.