सोनं करवंटी धरते, सायनाइड कोण धरणार?

मंडळी, आपण कोकणात न्हाणीच्या चुलीत घालतो ना, तीच करवंटी जगभरच्या सोन्याच्या खाणींत कामाला येते. दळलेल्या खनिजातलं सोनं सायनाइडच्या पाण्यात विरघळवतात. मग करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशाला ते चिकटतं आणि पुढे त्यावरून सोडवून घेतात.

युक्ती झकासच आहे, कौतुक मीही करतो. पण 'नैसर्गिक पद्धत' म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांना माझा एकच सवाल: उरलेल्या पाण्याचं काय? कोळसा सोनं उचलतो, सायनाइड बरंचसं मागेच राहतं.

३० जानेवारी २०००. रोमानियात बाया मारे इथे खाणीच्या जुन्या गाळातून सोनं काढणाऱ्या कारखान्याचा बांध फुटला. सुमारे १ लाख घनमीटर विषारी पाणी नद्यांत शिरलं. टिसा नदीत मेलेल्या माशांचा खच पडला.

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. तिथल्या गाळाच्या टेकड्यांतून उरलंसुरलं सोनं काढायच्या गोष्टी अधूनमधून निघतात. काढा की! पण आधी बांध किती भक्कम, सायनाइड नष्ट कसं करणार, पाणी कोण तपासणार, ते लेखी दाखवा.

आमच्या करवंटीच्या आडून विष खपवू नका.