बिनगव्हाची नानकटाई

गेल्या दिवाळीत धाकट्या बहिणीकडे सुरतेला गेलो होतो. आम्ही सरकारी कारकून माणसे, रजा शिल्लक असली तरी ती खर्च करताना जीव वरखाली होतो. पण यंदा भाचीने फोनवर "मामा, तू नुसतंच येतो म्हणतोस" असे सुनावले, तेव्हा अर्ज टाकला आणि मडगावला गाडी पकडली. पिशवीत उकडे तांदूळ, सोलां, नाचण्याचे पीठ आणि दोदोल. सुरतेत गोड कमी नाही हे ठाऊक असूनही गोंयकाराच्या हातात पिशवी नसली की त्याला चोरट्यासारखे वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुण्यांनी नानकटाईचा डबा आणला. अजून कोमट होती. सुरती नानकटाई ज्यांनी खाल्ली आहे त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांनी नाही त्यांना तरी काय सांगू! डबा उघडला, घरभर तुपाचा आणि वेलचीचा वास सुटला, सगळ्यांचे हात पुढे झाले आणि नऊ वर्षांची भाची उठून गॅलरीत गेली. कुणी तिला काही बोलले नव्हते. ती आपली आपणच गेली. मला ते फार लागले.

तिला सीलिअ‍ॅक आहे. म्हणजे गव्हातले ग्लूटेन पोटात गेले की तिचे शरीर स्वतःच्याच आतड्याशी भांडण काढते, आणि अन्न शोषून घेणारे आतड्याचे अस्तर झिजत जाते. दोन वर्षे पोरीची उंची वाढेना, रक्त वाढेना. लोहाच्या बाटल्यांमागून बाटल्या झाल्या. शेवटी रक्ततपासणी आणि दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहणे झाले, तेव्हा उलगडा झाला. (इथेच सांगून टाकतो, कारण बहिणीच्या हातून ही चूक होता होता राहिली: शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नये. बंद केला की तपासणीत काही दिसेनासे होऊ शकते.) यावर औषध नाही. गहू, जव, राय जन्मभर बंद, एवढाच उपाय.

बहिणीच्या सासूबाई, त्यांना मी मावशी म्हणतो, मूळच्या जळगावकडच्या. माणूस सोन्यासारखे. पण त्यांचे म्हणणे एकच: "एक तुकडा पोटात गेला तर काय होतं पोरीले?" आणि त्यांच्याही आधी मी राग धरतो तो आपल्यासारख्या शिकल्या-सवरलेल्यांवर. आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने वजन उतरावे म्हणून 'ग्लूटेन-फ्री' सुरू केले. सोमवार ते शुक्रवार. शनिवारी पावभाजी. त्याचे वजन उतरो न उतरो, माझी तक्रार वेगळी आहे. अशी हौशी मंडळी वाढली की हॉटेलातला वेटर, लग्नातला आचारी, घरातली वडील माणसे, सगळ्यांना हे 'नखरे' वाटू लागतात. मग जिला खरोखर चालत नाही त्या पोरीचे 'नको' सुद्धा नखऱ्यातच जमा होते.

आणि 'ग्लूटेन-फ्री' म्हणजे आपोआप तब्येतीला चांगले, हेही खोटेच. मॉलमधून आणलेला एक पुडा बहिणीने माझ्यापुढे ठेवला. घटकांत पहिले नाव तांदळाच्या पिठाचे, दुसरे साखरेचे, तिसरे पामतेलाचे. गहू नाही, हे खरे. पण चांगले असे त्यात होते काय? ज्याला गहू पचतो त्याने तो पुडा खाण्यापेक्षा मुकाट्याने पोळी खावी.

तेव्हा मी म्हटले, आपण घरीच करू. मला स्वयंपाकातले फार कळते असे नाही. पण एम.ए.पर्यंत शिकलेल्या माणसाला आपण वाचून काहीही करू शकतो असा एक भ्रम असतो.

आता थोडे सुरतेविषयी. आपल्याला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७०, शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या. पण त्याच गावात १६१६ पासून डचांची वखार होती आणि १८२४ च्या करारानंतर ती इंग्रजांकडे गेली. त्या वखारीच्या भटारखान्यात पारशी कामाला होते आणि डच जाताना भट्टी त्यांतल्या फरामजी पेस्तनजी दोटीवालांच्या हाती आली, अशी हकीकत दोटीवाला घराण्यात सांगतात. दोटीवाला बेकरीचे साल १८६१ दिले जाते. पाव फुगवायला ताडी वापरत. गिऱ्हाईक गोरे होते तोवर ठीक, पण ते गेल्यावर गावातल्या माणसांना ताडीचा पाव आणि अंडी घातलेले बिस्किट कसे चालावे? मग उरलेला पाव सुकवून विकणे आले, आणि पुढे अंडे आणि ताडी दोन्ही गाळून जे उरले ती नानकटाई, अशी ही गोष्ट. 'नान' शब्द फारसी, म्हणजे पावच.

आपल्याला हे किती ओळखीचे आहे पाहा. आमचा पोदेरही सुरीवरच पाव फुगवायचा, आणि तो पाव हिंदू घरांत कित्येक पिढ्या शिवला जात नव्हता. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी आजीकडून ऐकतच आपण मोठे झालो. (डचांवरून आठवले: 'हॉर्तुस मलबारिकुस' हा वनस्पतींचा ग्रंथ करवून घेणारा व्हान रेडे सुरतेतल्याच डच दफनभूमीत पुरलेला आहे. त्याला मदत करणारे रंगभट, विनायक पंडित आणि आपु भट हे आपल्याकडचेच. ती जागा पाहायची होती, पण पीठ मळण्यात दिवस गेला. असो.)

सांगायचे ते हे की नानकटाई मुळातच काढून टाकण्यातून झालेला पदार्थ आहे. अंडे काढले, ताडी काढली. मग आता गहू काढला तर ती काय रुसणार आहे?

आणि खरोखरच रुसत नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून चिवट जाळे होते, तेच ग्लूटेन. पाव फुगतो तो त्या जाळ्यात हवा अडकते म्हणून. नानकटाईला हे जाळे नकोच असते. आपण पिठात भरपूर तूप चोळतो ते जाळे होऊ नये म्हणूनच. त्यामुळे बिनगव्हाचा पाव करणे महाकठीण, पण बिनगव्हाची नानकटाई ही नवशिक्या मामालाही जमण्यासारखी गोष्ट आहे.

पहिला घाणा अर्थात बिघडला. नुसते नाचण्याचे पीठ, तूप आणि गूळ. ताटात पसरून एकच काळी भाकरी झाली आणि उचलताना वाळूसारखी सांडली. भाचीने चमच्याने खाल्ली आणि "चव छान आहे मामा" म्हणाली. तिचा हा समजूतदारपणाच मला सहन होत नव्हता.

तिसऱ्या घाण्याला जमले. नाचण्याचे पीठ १०० ग्रॅम, मंद आचेवर कोरडे भाजून. बेसन ५० ग्रॅम, तांदळाचे पीठ ५० ग्रॅम. घट्ट तूप ९० ग्रॅम आणि गुळाची पूड ७० ग्रॅम, आधी ही दोन्ही हाताने फेसून घ्यायची. चमचाभर दही, पाव चमचा सोडा, वेलची, चिमूटभर मीठ. आणि एक चमचा इसबगोल. ही युक्ती बहिणीची. इसबगोल पाणी धरून चिकट होते आणि मोडणारे पीठ बांधून ठेवते. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचा, म्हणजे तूप घट्ट होते आणि पसरत नाही. मग वीस गोळ्या, १६० अंशांवर अठरा-वीस मिनिटे. बाहेर काढल्यावर हात लावायचा नाही. गार होईपर्यंत ती मोडतेच, गार झाली की धरते.

नेहमीच्या नानकटाईत मैद्याच्या निम्मे तूप आणि निम्मी साखर असते, त्याहून हे कमी. नाचण्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, मैद्यात त्याच्या दहावा हिस्साही नाही. वाढत्या पोरीला तेवढा फायदा. पण उगाच आव आणत नाही. गूळ झाला तरी तो साखरच, आणि एका नानकटाईत नव्वदेक कॅलरी आहेत, दोन खाल्ल्या की एका भाकरीएवढे झाले. ती औषध नाही, खाऊ आहे. तिला खाऊच हवा होता.

खरी अडचण कृतीत नव्हतीच, घरात होती. ग्लूटेन-फ्री म्हणायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेनच्या आतला. हिशेब केला तर किलोभर खाऊत पाव ग्रॅम गव्हाचे पीठ. चिमूटभर सुद्धा नव्हे! आता पोळ्यांचे लाकडी पोळपाट-लाटणे घ्या, मैदा भुरभुरलेला भट्टीचा ट्रे घ्या, पिठाची चाळण घ्या. गिरणीत आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू दळलेला असतो आणि त्यावरच आपले नाचणे पडतात. माझ्या पिशवीतले पीठ गोव्यात असेच दळून आणलेले होते, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. पहिला घाणा बिघडला तेव्हा भाचीने चमचाभरच खाल्ला हे नशीब म्हणायचे. मी शरमलो. प्रेमाने आणलेली पिशवी आणि तीच धड नाही. मग अख्खे नाचणे आणून, निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरवर दळले. बेसनही घरीच, चण्याच्या डाळीचे. आणि हिंग! बाजारातल्या हिंगाच्या डबीत बहुधा गव्हाचे पीठ असते. म्हणजे सुरती लोचो डाळीचा, म्हणून निर्धास्त खावा, तर फोडणी घात करते. उंधियूतल्या मुठियांत कणीक असतेच.

मावशींना हे सगळे 'फार झाले' वाटत होते. मी पाव ग्रॅमचा हिशेब त्यांना समजावला, आतड्याचे चित्र काढून दाखवले. त्या "हो हो" म्हणाल्या आणि माझ्या स्वच्छ परातीत पोळीची परात उपडी केली.

मग सुचले ते असे. मावशी वारकरी घरातल्या, मुक्ताईनगरची वारी केलेल्या. त्यांची एकादशी मी पाहिली आहे. वरी, राजगिरा, शिंगाडा यांचे डबे वेगळ्या फळीवर. उपवासाची कढई वेगळी. हिंग-हळदीचा चमचा त्या डब्यात गेला तर आख्खा डबा बाद. मी विचारले, "मावशी, एकादशीला भाताचं एक शीत चुकून खाल्लं तर काय होतं?" त्या चमकल्या. "असं कसं खाईन?" म्हणाल्या. मी म्हटले, "तुमच्या नातीला रोजच एकादशी आहे असं समजा. फक्त भात चालतो, गहू नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी पाहतो तो उपवासाच्या फळीवर अर्धी जागा रिकामी झालेली. नवी परात, नवी चाळण, पत्र्याचे दोन डबे, आणि डब्यांच्या कड्यांना लाल दोरा, कुणी भलताच हात घालू नये म्हणून. रात्री लहानपणच्या गोष्टी निघाल्या. त्यांच्या माहेरी रोज कळण्याची भाकरी, गव्हाची पोळी सणाला. आमच्याकडेही काय वेगळे होते? पेज, नाचण्याचे तिझान, श्रावणात पातोळ्या. गहू आमच्या डोंगरात पिकत नव्हता, कुमेरीवर नाचणेच. २०२३ साली जगाने भरड धान्यांचे वर्ष साजरे केले तेव्हा आमच्या कार्यालयातही नाचण्याचे लाडू वाटले होते आणि सगळ्यांनी ते नवीन काही असल्यासारखे खाल्ले होते.

ज्या शिस्तीला आपण सोवळे म्हणून हसलो, तिच्यातला माणसांना दूर ठेवण्याचा भाग मला आजही मान्य नाही. पण डबे, चमचे, पिठे वेगळी ठेवायचे कसब त्याच बायकांच्या हातात होते, आणि बहिणीच्या पिढीला ते इंटरनेटवरून नव्याने शिकावे लागत होते. मावशींना कुणी शिकवावे लागले नाही. कशासाठी, एवढेच कळायला हवे होते.

निघायच्या दिवशी मेहुण्यांनी पुन्हा दुकानातली नानकटाई आणली, मला वाटेत द्यायला. ती बंद डब्यात, दाराबाहेर चपलांच्या मांडणीवर ठेवली होती. मावशींचा हुकूम.

परवा फोन आला. भाची शाळेत डबा नेते, आणि मैत्रिणी अर्धा संपवतात अशी तक्रार. आता वाढदिवसाला केक हवा म्हणते. केक म्हणजे हवा धरून ठेवणे आले, आणि तिथे ग्लूटेन नसले की अडतेच. मी सहज म्हणून गेलो की अंडी फेटून घातली तर जमेल बहुतेक. पलीकडे एकदम शांतता, आणि मग मावशींचाच आवाज: "भाऊ, दुसरं काही असेल तर सांगा."

शोधतो आहे. दुधी आणि दह्याचे काही जमते का ते या रविवारी पाहीन.