लॉटरी लागली... पण डोमिसाइल आहे का?

लॉटरीचं तिकीट घेताना आपण काय बघतो? नंबर, सोडतीची तारीख आणि पहिल्या बक्षिसाचा आकडा. तुम्ही कुठले, बाबांचं उत्पन्न किती, दहावी कुठल्या राज्यात झाली, असले प्रश्न तिकीटवाला विचारत नाही. पैसे टाका, तिकीट खिशात घाला, विषय संपला!

कॉलेजच्या फी-सवलतीचं मात्र नेमकं उलटं आहे. इथे बक्षीस पक्कं असतं, भानगड असते ती तिकिटाची. जून-जुलै आला की नांदेड-लातूरच्या प्रत्येक दुसऱ्या घरात हाच सीन. सेतू केंद्रासमोर रांग, हातात प्लास्टिकची फाइल आणि पुण्यात आयटीत असलेल्या दादाला फोन, 'अरे, डोमिसाइलला काय काय लागतं रे?' दादाला जावा येतं, पण हे येत नाही!

तर मंडळी, या वेळी थोडं त्या तिकिटाबद्दल. सरकारी भाषेत त्याला 'पात्रता' म्हणतात. शब्द एकदम बोअर आहे, मान्य. पण आपल्यापैकी कितीतरी जण आज एसी ऑफिसात बसलेत, ते या शब्दाच्या अलीकडे होते म्हणून. आणि कितीतरी जण पलीकडे राहिले.

जॉर्जियाचा फंडा

लॉटरीच्या पैशातून खरंच कॉलेजची फी भरता येते का? येते! अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात (अटलांटा आणि कोका-कोलावालं) झेल मिलर नावाच्या नेत्याने १९९० ची गव्हर्नरची निवडणूक चक्क लॉटरीच्या मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. १९९२ मध्ये मतदारांनी लॉटरीला हो म्हटलं. अट एकच, नफा शिक्षणावर खर्च झाला पाहिजे. १९९३ मध्ये तिकीटविक्री सुरू झाली आणि त्याच वर्षी 'होप' स्कॉलरशिपही. शाळेत सरासरी 'बी' ग्रेड मिळवा, राज्यातल्या सरकारी कॉलेजात ट्युशन फी माफ. आजवर २० लाखांहून जास्त मुलांनी तिचा फायदा घेतलाय.

आता खरी गंमत बघा. सुरुवातीला घरचं उत्पन्न वर्षाला ६६,००० डॉलरच्या आत असावं, अशी अट होती. १९९४ मध्ये ही मर्यादा १ लाख डॉलर झाली. १९९५ मध्ये ती काढूनच टाकली! रहिवासाची अटही सुटसुटीत. राज्यातच राहून तिथलं हायस्कूल पूर्ण केलं असेल तर १२ महिन्यांचं वास्तव्य पुरतं, बाहेरून आलेल्याला २४ महिने. दोन वर्षं राहिलात, तर तुम्ही जॉर्जियाचे. सिंपल.

पण बॉस, फुकट काहीच नसतं. तिकिटांवर कमाईचा मोठा वाटा खर्च करतात ती गरीब घरं, आणि 'बी' ग्रेड आणून स्कॉलरशिप नेतात ती जास्त करून बऱ्या घरची मुलं, अशी टीका तिथले अभ्यासक पहिल्यापासून करत आले. पुढे फी वाढत गेली, मुलं वाढत गेली, लॉटरीचा गल्ला काही तेवढा वाढेना. शेवटी २०११ मध्ये कात्री लागली. पूर्ण ट्युशन फी फक्त एकदम टॉपच्या मुलांना, बाकीच्यांना फीचा काही भाग. सगळ्यांची फी पुन्हा पूर्ण भरायला २०२३-२४ साल उजाडलं.

थोडक्यात काय, तर दार मोठं करणं सोपं, ते उघडं ठेवणं अवघड.

आपली लॉटरी कुठे जाते?

महाराष्ट्राचीही स्वतःची लॉटरी आहे, १९६९ पासूनची. मटक्याच्या नादाला लागलेल्यांना कायदेशीर पर्याय मिळावा, हा तिचा हेतू होता. १९९८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तिकीटविक्रीचा पैसा राज्याच्या सार्वजनिक खात्यात जमा होतो. केरळने २०११ मध्ये 'कारुण्य' लॉटरी काढली आणि तिचा पैसा गरिबांच्या औषधपाण्याकडे वळवला. आपल्याकडे तिकिटापासून कॉलेजच्या फीपर्यंत असा थेट पाइप नाही.

म्हणजे फी-सवलतीचा पैसा येतो कुठून? तुमच्या-माझ्या टॅक्समधून. सॅलरी स्लिप काढून बघा. बहुतेकांच्या स्लिपमध्ये प्रोफेशनल टॅक्सचे २०० रुपये दर महिन्याला कापलेले दिसतील. हा टॅक्स महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला, तोच मुळी रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळात होरपळलेल्या गावांना काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारदारांच्या खिशातून हे पैसे निघाले. तेव्हा 'अमुक पैसा अमुक कामालाच' ही आयडिया काही अमेरिकेतून आणायला नको. ती आपल्या पे-स्लिपमध्येच आहे!

१ लाखापासून ८ लाखांपर्यंत

आता आपल्या तिकिटाचा इतिहास. आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांना, म्हणजे आपल्या बोलीत ईबीसीवाल्यांना, फीत सवलत मिळायची ती वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तरच. महिन्याला साडेआठ हजारही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ही मर्यादा अडीच लाखांवर गेली आणि ६० टक्के गुण असतील तर ६ लाखांपर्यंत. योजनेला नाव मिळालं राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचं. २०१८ मध्ये मर्यादा ८ लाख झाली. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजात निम्मी ट्युशन फी सरकार भरणार.

मग जुलै २०२४ चा जीआर आला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात निम्म्याऐवजी पूर्ण ट्युशन फी आणि परीक्षा फी माफ. त्यासाठी ९०६ कोटी रुपयांच्या जादा खर्चाला मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

हे छोटं पाऊल नाही. 'पोरीला इंजिनिअरिंगला कशाला, बीएस्सी करू दे, पुढं लग्नच करायचंय' हे वाक्य आपल्याकडे किती घरांत ऐकलंय! त्या वाक्यातला निम्मा भाग परंपरेचा असतो आणि निम्मा फीचा. फीचा भाग गेला, तर उरलेल्याशी भांडायला पोरी समर्थ आहेत.

तरी कुंपण आहेच!

पण तिकीट हातात घेऊन नीट वाचा. बारीक अक्षरात बरंच काही आहे.

एक, कॅप राउंड. सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून ॲडमिशन झाली तरच सवलत. मॅनेजमेंट कोट्यात किंवा कॉलेज पातळीवर जागा घेतली की सवलत गेली. पहिल्या राउंडला हवं ते कॉलेज नाही मिळालं म्हणून वैतागून थेट जागा 'बुक' करणाऱ्या काकांना हे सांगायला हवं.

दोन, ८ लाखांचा कडा. उत्पन्न ७ लाख ९९ हजार असेल तर मुलीची पूर्ण फी माफ, ८ लाख १ हजार झालं तर शून्य. मधे पायरीच नाही! नवरा-बायको दोघं शाळेत शिकवतात, एखादं इन्क्रिमेंट लागतं आणि घर रातोरात 'श्रीमंत' होतं. शिवाय हा आकडा २०१८ चा. तेव्हापासून फी, भाडं, मेसचं ताट सगळं वाढलं, आकडा तिथेच बसलाय.

तीन, भाऊ-बहीण. समजा नांदेडच्या एका घरात जुळी मुलं आहेत. दोघांना एकाच कॉलेजात कॅपमधून जागा मिळाली. तिची ट्युशन फी पूर्ण माफ, त्याची निम्मी. मुलींना आधी पुढे आणायचं होतं, हे पटतं. पण ती उरलेली निम्मी फी त्याच बाबांच्या खिशातून जाते ना?

चार, होस्टेल आणि मेस. माफी आहे ती शिक्षणाची आणि परीक्षेची. किनवट किंवा मुखेडहून येणाऱ्या मुलीला खोलीचं भाडं कुणी माफ करत नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, पण तिचा अर्ज वेगळा आणि अटीही वेगळ्या.

सीमेवरची पोरं कुणाची?

आणि पाचवं कुंपण रहिवासाचं. पुण्या-मुंबईला ते जाणवत नाही, आपल्याला मात्र रोज भेटतं. कारण आपण अगदी कडेला राहतो.

जरा मागे जाऊ. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होते. राज्यं नव्याने आखली तेव्हा हे तीन इकडे आले, भालकी आणि औराद तिकडे राहिले. नांदेड जिल्ह्यातून मुधोळ आणि भैंसा तुटले, ते आज तेलंगणात आहेत. नकाशावर रेघ ओढली, पण सोयरिकी कुठे तुटतात? मामा भालकीला, आत्या उदगीरला, बाजार देगलूरचा आणि कॉलेज लातूरचं. 'पोरीला अकरावीला लातूरला टाकलंय' हे वाक्य रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखंच ऐकू येतं.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे नियम बघा. महाराष्ट्रातूनच दहावी-बारावी केली आणि डोमिसाइल किंवा जन्म इथला असेल तर तुम्ही 'टाइप ए'. नसाल, पण तुमचं किंवा आई-वडिलांपैकी कुणाचं डोमिसाइल असेल तर 'टाइप बी'. आणि एक खास गट आहे, 'टाइप ई'. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो आणि ज्यांच्यासाठी २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा चालू आहे, तो हा भाग.

म्हणजे भालकीच्या मराठी मुलीसाठी सरकारने प्रवेशाचं दार किलकिलं केलंय. भैंशाच्या मराठी मुलीसाठी मात्र असा गट नाही. भाषा तीच, नांदेडशी नातं तेच, फक्त रेघ वेगळी. तिच्या वडिलांनी नांदेडला बिऱ्हाड हलवलं तरी डोमिसाइलसाठी साधारण १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जॉर्जियात २४ महिने, इथे १५ वर्षं! मेडिकलला तर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच हवी. अकरावीला लातूरला आली, टॉप केलं, पण दहावी पलीकडची, म्हणून राज्याच्या कोट्यातून बाद.

बाहेरचे येऊन इथल्या मुलांच्या जागा नेतील, ही भीती खोटी नाही. मराठवाड्याने अनुशेष हा शब्द पाटीवरच्या बाराखडीसारखा गिरवलाय. पण रेघ हलवता येते, हेही आपणच पाहिलंय. मेडिकल प्रवेशात ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यातल्या बाकीच्यांना, असं सूत्र वर्षानुवर्षं होतं. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे इथल्या हुशार पोरांची गोची व्हायची. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षण मंत्री, लातूरचेच अमित देशमुख यांनी ते सूत्र रद्द केल्याचं जाहीर केलं. आपल्यासाठी दार मोठं झालं तेव्हा आपण पेढे वाटले. मग तेच दार भैंशाच्या पोरीसाठी थोडं मोठं झालं, तर कपाळाला आठ्या कशाला?

मग करायचं काय?

सरसकट सगळ्यांना सगळं द्या, असं म्हणणं सोपं आहे. जॉर्जियाने ते करून पाहिलं आणि २०११ मध्ये हात पोळून घेतले. त्यापेक्षा तीन गोष्टी मागता येतील.

८ लाखांवर कड्याऐवजी पायऱ्या करा. ८ लाखांच्या थोडं वर असलेल्या घराला निम्मी तरी सवलत मिळू दे. पायऱ्या नव्या नाहीत, २०१६ मध्ये अडीच आणि ६ लाखांच्या होत्याच की! दुसरं, हा आकडा महागाईप्रमाणे दर काही वर्षांनी बदलू दे, निवडणुकीची वाट न बघता. आणि तिसरं, रहिवास मोजताना शिकण्याची वर्षंही मोजा. जिने अकरावी-बारावी लातूर-नांदेडला काढली, जिचे आई-बाबा इथे राहतात, कमावतात, टॅक्स भरतात, ती इथली नाही तर कुठली?

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या हातात काय? तर एक फोन! आपण फॉर्म भरण्यात एक्स्पर्ट पिढी. पासपोर्ट, व्हिसा, होम लोन, सगळं लंच ब्रेकमध्ये उरकतो. गावाकडे बारावीत असलेल्या मामेबहिणीचं डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं निकालाच्या आधी तयार आहे का, एवढं विचारा. महाडीबीटीचा अर्ज तिच्यासोबत बसून भरा. पात्र मुलींकडून आधी फी घेऊ नका, असं सरकारने २०२४ मध्येच कॉलेजांना बजावलंय. कुणी मागितलीच तर मामांच्या जागी तुम्ही बोला, जीआरची कॉपी मोबाइलवर ठेवून. गावाकडच्या माणसाला खिडकीपलीकडच्या साहेबाशी हुज्जत घालायला जड जातं. आपल्याला कस्टमर केअरशी भांडायची प्रॅक्टिस आहेच!

आणि ती मामेबहीण भैंशाची असेल, तर तिच्या वतीने एक पत्र आमदारांना लिहा. दर महिन्याला २०० रुपये देताय यार, तेवढा हक्क तर बनतोच!