संगणकीय विचाराची परीक्षा कशी घ्यावी?

शिक्षकांनी १ ते १०० मधला एक आकडा मनात धरायचा आणि वर्गाने तो ओळखायचा. उत्तर मिळणार फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. सुरुवातीला मुलं ‘४२ आहे का? १७ आहे का?’ असे अंधारात बाण मारतात. मग कुणीतरी विचारतं, ‘५०पेक्षा मोठा आहे का?’ आणि एका फटक्यात निम्मे आकडे बाद होतात. असं निम्मं-निम्मं करत गेलं, की सात प्रश्नांत कोणताही आकडा सापडतो. १ ते १००० घेतले तरी दहा प्रश्न पुरतात.

इथे थांबू नये. हजार चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्या कशाही पालथ्या मांडल्या, तर हवी ती चिठ्ठी याच युक्तीने सापडेल का? नाही, कारण निम्मे बाद करता येत होते ते आकडे क्रमाने असल्यामुळे. युक्ती कशाच्या जोरावर चालते आणि कुठे अडते, हे ज्या मुलीला सांगता येतं, तिला संगणकीय विचार कळला. त्यासाठी तिच्या शाळेत एकही संगणक असण्याची गरज नाही.

सीमोर पेपर्ट यांनी १९८० साली ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात ‘संगणकीय विचार’ ही संज्ञा वापरली. जॅनेट विंग यांच्या २००६ मधल्या लेखाने ती शिक्षणक्षेत्रात सर्वतोमुखी केली. प्रश्न आणि त्याचं उत्तर अशा रीतीने मांडायचं, की माणसाला किंवा यंत्राला ते पायरीपायरीने पार पाडता यावं, असा विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढच्या व्याख्येचा आशय आहे. त्यात माणूसही आहे, याकडे आपलं लक्ष जात नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग आणि संगणकीय विचार यांचा उल्लेख शेजारी-शेजारी येतो. त्यामुळे दोन्ही एकच समजण्याचा धोका आहे. मग संगणक कक्ष नसलेल्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं या विषयापासून दूर राहतील, आणि हा उघड अन्याय होईल. दुसरा धोका पाठांतराचा. विघटन, आकृतिबंध, अमूर्तीकरण, अल्गोरिदम ही संगणकीय विचाराच्या घटकांची यादी चुकीची नाही. पण ‘चार घटक लिहा, गुण चार’ असा प्रश्न आला की विषय संपला. २००४ साली लिथुआनियात सुरू झालेल्या ‘बेब्रास’ स्पर्धेत प्रोग्रॅमिंग न येणारं मूलही सोडवू शकेल अशी कोडी असतात. आपल्या प्रश्नपत्रिकांनीही तीच वाट धरावी.

उदाहरणार्थ, सहावीच्या मुलांना हा नियम द्यावा: ‘वर्षाला ४ने भाग गेला, तर ते लीप वर्ष.’ सोबत सांगावं, की १९०० हे लीप वर्ष नव्हतं आणि २००० होतं. मग नियमात चूक कुठे आहे ते त्यांनी शोधावं, तो दुरुस्त करावा आणि शेजारच्या मुलाकडे २१०० व २४०० ही वर्षं तपासायला द्यावा. त्या मुलाला काहीही न विचारता उत्तर काढता आलं, तर पूर्ण गुण द्यावेत.