पिल्लाच्या नावावर आपला चौविहार



हल्ली आमच्या महिला मंडळात एक वाक्य फार कौतुकानं ऐकू येतं. "आमचं पिल्लूसुद्धा चौविहार पाळतं बरं का! दिवेलागणीनंतर पाण्यालाही तोंड लावत नाही." लगेच चारजणी 'पूर्वभवाचे संस्कार' म्हणून माना डोलावतात. पिल्लू दोन महिन्यांचं. सहा वाजता त्याची वाटी उचलून ओट्यावर ठेवली, तर ते तोंड लावणार कशाला? मला हे कौतुक पटत नाही, आणि आज ते सरळ लिहिणार आहे. रागावलात तर रागवा.

असं बोललं की सिंहाचा दाखला येतो. भगवान महावीरांच्या जीवानं सिंहाच्या भवात मांस सोडलं, मग कुत्र्यानं चौविहार केला तर बिघडलं कुठे? अहो, त्या सिंहाला दोन चारण मुनींनी उपदेश केला. त्याला तो उमगला आणि त्यानं आपण होऊन व्रत घेतलं. कुणी त्याला गॅलरीत साखळीला बांधून त्याचं भांडं लपवलं नव्हतं. तिर्यंच जीव व्रत घेऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्या वतीनं आपण व्रत घेऊ शकतो, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला दाखवा.

उलट शास्त्रात काय आहे ते पाहा. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. स्वाध्यायात आपण ते घडाघडा म्हणतो. घरात पिल्लू आलं की एकेकाचा अर्थ समोर उभा राहतो. रात्री रडतं म्हणून गॅलरीत बांधून ठेवणं हा बंध. फरशीवर शू केली म्हणून चपलेनं मारणं किंवा त्यात नाक घासणं हा वध. रुबाबदार दिसावं म्हणून शेपूट नाहीतर कान कापून आणणं हा छेद. आणि संध्याकाळी सहाला वाटी उचलणं याला अन्नपाननिरोध नाही तर काय म्हणायचं? मी बी. कॉम. झालेली बाई आहे. पुण्य आपल्या खात्यावर जमा आणि खर्च मुक्या जिवाच्या नावे, अशी नोंद कुठल्याच वहीत बसत नाही.

हिशेबच करा. संध्याकाळी सहाला शेवटचा घास. सकाळी आपलं बस्तीत दर्शन, अभिषेक, पूजा आटोपून घरी यायला नऊ. झाले पंधरा तास. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. साधारण सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन वेळा चालतं. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या पिल्लाच्या रक्तातली साखर इतक्या उपाशीपणानं उतरते. ते थरथरतं, गळून पडतं, जीवसुद्धा जाऊ शकतो. अष्टमी-चतुर्दशीला त्याला उपवास घडवणाऱ्या बायका मला माहीत आहेत, म्हणून लिहितेय.

आता वाटीत काय असतं ते. बहुतेक घरी दूध-पोळी. "आपलं सात्त्विक बरं." आईचं दूध सुटलेल्या पुष्कळ पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात. पोळीत वाढत्या हाडांना पुरेल इतकं कॅल्शियम नसतं. मग शरीर ते हाडांतूनच ओढून घेतं आणि पुढचे पाय धनुकलीसारखे वाकतात. अशी पिल्लं मी आमच्या कॉलनीत पाहिली आहेत, चांगल्या खात्यापित्या घरची. शिवाय मर्यादा संपलेलं अन्न आपण तोंडात घालत नाही. मग कालची पोळी त्याच्यापुढे कशी ठेवतो? ती काय फक्त आपल्या पोटातच अमर्याद होते?

कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. त्यानं त्याचं रक्त कमी होतं. इथं आपलं स्वयंपाकघर आयतंच त्याच्या सोयीचं आहे. पण शिऱ्यातले बेदाणे, मनुका, द्राक्षं त्याच्या मूत्रपिंडावर जातात, आणि चॉकलेटही चालत नाही. प्रसादाचा शिरा लाडानं भरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

"म्हणजे काय, आम्ही मांस घालायचं?" हा प्रश्न तावातावानं येतो. नाही, माझ्या घरात ते शिजणार नाही. कुत्रा म्हणजे मांजर नव्हे. मांजराला मांसाशिवाय निभवत नाही, म्हणून जैन घरानं मांजर पाळूच नये असं माझं मत आहे. कुत्रा हजारो वर्षं माणसाजवळ राहून धान्य पचवायला शिकला आहे आणि शाकाहारावर राहू शकतो. पण राहू शकतो म्हणजे काहीही घातलं तरी चालतं असं नव्हे. वाढत्या पिल्लासाठी बनवलेलं, पूर्ण पोषणाचं शाकाहारी खाद्य मिळतं. पाकीट उलटून वाचा, ते पिल्लांसाठी आहे की मोठ्या कुत्र्यांसाठी ते बघा. कोमट पाण्यात भिजवा. जोडीला शिजवलेली मूगडाळ, सोयाबीन, पनीर, लाल भोपळा, तेही जनावरांच्या डॉक्टरला विचारून. कॅल्शियमचं औषध मनानं पाजू नका, मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीनंही अपाय होतो.

आणि एवढं करूनही डॉक्टर म्हणाले, "याला हे पुरत नाहीये," तर? हा प्रश्न पिल्लू आणण्याआधी घरात बसून सोडवायचा. माझं उत्तर असं : त्याला दुसरं चांगलं घर शोधून द्यायचं. आपलं व्रत आपण सोडायचं नाही आणि त्याची किंमत त्याच्या हाडांतून वसूल करायची नाही. हे जमणार नसेल तर नातवाचा हट्ट हट्टच राहू द्या.

जंतांच्या औषधावरूनही वाद झालाय. "जंतांनाही जीव आहे हो!" आहेच. नातवाच्या पोटात जंत झाले तेव्हा हे आठवलं नव्हतं ना? पिल्लाचे जंत त्याला खंगवतात आणि घरातल्या लहान मुलांनाही लागू शकतात. गृहस्थाचा त्याग संकल्पी हिंसेचा असतो. पाळलेल्या जिवाला औषध देणं म्हणजे मारण्याचा संकल्प, असं मी मानत नाही. ज्यांना हेही नको, त्यांनी पिल्लूच आणू नये.

आता दुसऱ्या बाजूच्या कर्मठ मंडळींना. पंधरा कर्मादानांतलं असतीपोषण दाखवून "कुत्रा पाळणंच पाप" असं त्या सांगतात. ती यादी धंद्यांची आहे हो. माझ्या समजुतीनं तो बोट दाखवतो तो कुत्रीला वर्षानुवर्षं पिंजऱ्यात वेतवून पिल्लं विकणाऱ्याकडे, आणि त्याच्या दारात पैसे मोजणाऱ्या आपल्याकडे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017च्या नियमांनीही मनाई आहे. रस्त्यावरच्या अनाथ गावठी पिल्लाला आसरा देण्यात पाप कुठलं? मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात जीवंधरकुमारांनी णमोकार म्हटला, तो यक्ष झाला, ही कथा आपणच पोरांना सांगतो. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडात धर्माचा महिमा सांगताना कुत्र्याचाच दाखला दिलाय.

आणलंच, तर पहिले आठ-दहा दिवस त्याला जवळ झोपवा. आईची ऊब सुटलेली असते म्हणून ते रडतं, खोडी म्हणून नव्हे. आमच्या मोतीची खोकी मी पलंगाशेजारीच ठेवली होती, वरून हात खाली सोडला की गप्प व्हायचा. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्या. हळूहळू शिकतं. सोवळ्याची काळजी असेल तर स्वयंपाकघराला बुटकं फळीचं दार लावून घ्या. आहारदानाच्या दिवशी चौका त्याच्यापासून लांब ठेवता येतो, आमच्याकडे कधी अडचण आली नाही. लशी साधारण दीड-दोन महिन्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांनंतर, चुकवू नका.

आणि दर रविवारी वजन करून वहीत तारखेसह लिहा. पिल्लाचा आकडा दर आठवड्याला चढायला हवा. दोन रविवार तिथंच अडला, तर मंडळात सल्ला विचारत बसू नका, डॉक्टरकडे न्या.